पेरणाऱ्या हातांचे विशेषण

केशर, भात आणि लसूण या तिघांच्या शास्त्रीय नावांत एकच लॅटिन विशेषण आहे. मात्र तीन रूपांत. केशर म्हणजे 'क्रोकुस सतीवुस', भात 'ओरिझा सतीवा' आणि लसूण 'आल्लियुम सतीवुम'. आपल्या महाविद्यालयांतून हाच शब्द इंग्रजी वळणाने 'सटायव्हा' असा कानी पडतो.

पेरणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला. अर्थ सरळ आहे : पेरलेला, लागवडीचा. मग रूपे तीन का? मराठी माणसाला हे वेगळे शिकवावे लागू नये. पेरलेला गहू, पेरलेली ज्वारी, पेरलेले भात असे आपण रोज म्हणतोच. लॅटिनमध्येही विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. क्रोकुस पुल्लिंगी, ओरिझा स्त्रीलिंगी, आल्लियुम नपुंसकलिंगी.

नामाच्या शेवटावरून लिंग नेहमी कळतेच असे नाही. काकडीचे 'कुकुमिस' आणि भांगेचे 'कान्नाबिस' यांचा शेवट सारखाच. पण काकडी 'सतीवुस', तर भांग 'सतीवा'. अशा ठिकाणी विशेषणच लिंग सांगते. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनीही नाम आणि विशेषण यांचा हा मेळ बंधनकारक केला आहे.

ही पाचही नावे लिनियसने १७५३ मध्ये आपल्या 'स्पेसिएस प्लांटारुम' या ग्रंथात दिली. मला विचाराल तर त्यांतला खरा ऐवज व्याकरणापलीकडे आहे. रानभाताचे दाणे पिकले की आपोआप गळतात आणि तिथेच पुन्हा रुजतात. शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या दाणे धरून ठेवणाऱ्या लोंब्याच निवडल्या. आपल्या सोयीचे पीक मिळाले; पण ते पेरणाऱ्यावर अवलंबून राहिले.

केशराची गोष्ट तर याहून टोकाची. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे त्याला रुजणारे बी धरत नाही. रानात ते कुठेही आढळत नाही. काश्मिरात पांपोरच्या शेतकऱ्याने जमिनीतले कंद काढून पुन्हा लावले, तरच त्याचा वंश पुढे चालतो. लावणारे हात थांबले, तर केशरही थांबेल.

तेव्हा यापुढे एखाद्या पाकिटावर हा शब्द दिसला, तर क्षणभर थांबा. शब्दाचा शेवट लिंग सांगतो. आणि उरलेला शब्द शेतकऱ्याची आठवण देतो.