वीज गेली, फोनही गेला!

तांब्याच्या तारेवरचा साधा टेलिफोन वीज गेली तरी चाले. का बरे? एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचा सुमारे ४८ व्होल्टचा दाब त्याच तारेने घरापर्यंत येई. काचतंतूतून मात्र नुसता प्रकाश येतो. त्याने घंटा कशी वाजणार? आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन त्यांचे अंक करणे, घंटेला वीज पुरवणे ही एक्स्चेंजची कामे आता घरातल्या मोडेम-राउटरवर येऊन पडतात. तेव्हा तो घेताना मागे ‘फोन’ लिहिलेली खोबण आहे का ते पाहा. इंटरनेटची खोबण दिसायला तशीच, पण जरा रुंद, फसू नका! फोनसेवा देणारी कंपनी तो राउटर जोडू देते का, हेही आधी विचारा. आणि घरात आजी एकटी असेल, तर राउटरला बॅटरी हवीच. वीज गेलेल्या रात्री डॉक्टरांना फोन लागेल तो तिच्याच जोरावर.