पांढरी ते काळी : किल्लारी परिसरातल्या सायकलींचा हिशोब

मराठवाड्यात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात. माणसे राहतात ती पांढरी आणि पीक उभे राहते ती काळी. पांढरीत भिंतींची माती, माळवदाची माती, चुलीची राख, शेण आणि चुना पिढ्यान्‌पिढ्या मुरून जमिनीचा रंगच बदललेला असतो. काळी म्हणजे बेसॉल्टच्या झिजेतून झालेली, पाण्याने फुगणारी आणि उन्हाने भेगाळणारी कापसाची जमीन. गावातल्या माणसाचा कामाला जायचा रस्ता म्हणजे पांढरीतून काळीत जाणारा रस्ता. शहरातला माणूस कामावर जातो, आमच्याकडचा रानात जातो. दोघांनाही वेळ लागतो, दोघांचेही पाय दुखतात. पण मराठीत सायकलीवर जे लिहिले गेले ते बहुतेक पुण्याच्या पेठांतून आणि कारखान्यांच्या फाटकांवरून जाते. रानात जाणारी सायकल त्यात क्वचितच भेटते.

औसा तालुक्यातल्या किल्लारीत ही सायकल समजून घ्यायला एक विशेष कारण आहे. इथे पांढरी आणि काळी यांच्यातले अंतर एका पहाटेने बदलून टाकले.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. धक्का ६.२ ते ६.४ तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. पण दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर कित्येक टन मातीचे माळवद अशी घरे झोपलेल्या माणसांवर आली. आठ ते दहा हजार माणसे गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम आखला गेला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली, सर्वाधिक पडझड झालेली ५२ गावे नव्या जागी हलवायचे ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फुटांचे, त्याहून मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फुटांचे. घर किती मोठे हे शेतीवरून ठरले. त्या शेतापासून घर किती लांब पडते, हा मात्र वाटपाचा निकष नव्हता.

त्या वेळी लोकांना जुन्या गावात परत जायचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. जिथे आपली माणसे ढिगाऱ्याखाली गेली तिथे पुन्हा चूल पेटवायची कुणाची तयारी होती? सरकारने जागा शोधली, जमीन संपादित केली, आखणी झाली. अंतराचा प्रश्न पत्र्याच्या शेडमधून पक्क्या घरात गेल्यावर, पहिल्या पेरणीच्या वेळी पायांना कळला.

तो कागदावर मांडून पाहू. शिवार गोल आहे आणि गाव बरोबर मध्यावर आहे असे धरा. शिवाराची त्रिज्या तीन किलोमीटर असेल तर गावापासून सगळ्या शेतांचे सरासरी अंतर दोन किलोमीटर येते. आता तेच गाव उचलून शिवाराच्या कडेला नेऊन ठेवा. काहींची शेते जवळ येतात, काहींची फार लांब जातात, आणि सरासरी होते सुमारे ३.४ किलोमीटर. म्हणजे एकही शेत न हलता सगळ्या गावाची चाल जवळजवळ पावणेदोन पट होते. प्रत्यक्षात शिवार गोल नसते आणि प्रत्येक गाव अगदी कडेलाही गेले नाही, पण हिशोबाची दिशा हीच.

गावाच्या आतही हेच झाले. जुन्या गल्ल्या बैलगाडी कशीबशी निघेल एवढ्या, घराला घर लागून. नवी वसाहत शहरी नकाशासारखी काटकोनात, रुंद रस्त्यांची, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा असलेली. भूकंपाचा अनुभव पाहता ते योग्यच होते. पण वस्तीचे क्षेत्रफळ चौपट झाले की या टोकापासून त्या टोकापर्यंतचे अंतर दुप्पट होते. किराणा, दळण, शाळा, एसटीचा थांबा सगळेच थोडे थोडे लांब जाते.

मायकेल चिझम या इंग्रज भूगोलतज्ज्ञाने १९६२ साली खेड्यांच्या वस्तीवर आणि जमीन वापरावर एक पुस्तक लिहिले. देशोदेशीच्या नोंदी तपासून तो अशा निष्कर्षाला आला की शेत घरापासून एक किलोमीटरच्या पलीकडे गेले की त्याकडे द्यायचे लक्ष कमी होऊ लागते, आणि तीन-चार किलोमीटरला ती शेती शेतकऱ्याला जाच वाटू लागते. लांबच्या शेतात खत कमी पडते, खुरपण एक पाळी कमी होते, राखण सुटते. आपल्या कागदावरच्या गावाची सरासरी दोनवरून ३.४ वर गेली, म्हणजे नेमकी चिझमच्या जाचाच्या हद्दीत शिरली.

सकाळी एक आणि दुपारी भाकरी खाऊन दुसरी, अशा रानाच्या दोन खेपा धरू. जुन्या गावातून आठ किलोमीटर चाल, ताशी चारच्या वेगाने दोन तास. नव्या गावातून १३.६ किलोमीटर, जवळजवळ तीन तास चोवीस मिनिटे. वर्षाचे अडीचशे दिवस कामाचे धरले तर साडेतीनशे तास नुसते जास्तीचे चालण्यात गेले. आठ तासांचा रोज धरल्यास चव्वेचाळीस रोज झाले, आणि ते कुणी देत नाही. तीच वाट सायकलने, कच्च्या रस्त्यामुळे ताशी दहाचाच वेग धरून, एक तास बावीस मिनिटांत होते. जुन्या गावातून पायी लागत होता त्याहूनही कमी वेळ. पुनर्वसनाने लांब नेलेले शेत दोन चाकांनी पुन्हा जवळ आणले, ते असे.

सायकलीला हे कसे जमते? चालताना माणूस प्रत्येक पावलाला आपले सगळे वजन थोडे उचलतो आणि खाली सोडतो. ती शक्ती पुढे जाण्याच्या कामी येत नाही. सायकलवर वजन सीटवर बसलेले असते आणि पायांचा जोर जवळजवळ सगळा चाकाकडे जातो. तेवढ्याच दमात सायकलस्वार पायी माणसाच्या तीन-चार पट वेगाने जातो. एस. एस. विल्सन यांनी १९७३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये प्राणी आणि यंत्रे यांची तुलना केली होती. ठरावीक वजन ठरावीक अंतर नेण्यात सायकलवरचा माणूस सगळ्यांत काटकसरी निघाला.

रानातली सायकल मात्र मालवाहू आधी आणि सवारी नंतर. काळी, दांडीची, २८ इंची चाकांची, वीसेक किलोंची. जाताना हँडलला भाकरीचे फडके आणि पाण्याची बाटली, कॅरिअरला खताची गोणी नाहीतर फवारणीचा पंप. येताना कडब्याचा नाहीतर हिरव्या चाऱ्याचा भारा आडवा बांधलेला, दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला की समोरून येणाऱ्याने बांधावर चढावे. दुधाच्या किटल्या असतील तर दोन्हीकडे सारख्या वजनाच्या, नाहीतर तोल जातो. ओझे फार झाले की माणूस उतरतो आणि सायकल ढकलत नेतो. यात कमीपणा काही नाही. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी लोकांनी हजारो सायकलींवरून अशीच ढकलत रसद नेली. हँडलला बांबू बांधून एकेका सायकलीवर २०० किलो आणि त्याहून जास्त माल चढवला होता. डोक्यावर तेवढे ओझे कुणाला नेता येईल?

मग रस्त्याचा प्रश्न येतो. जुन्या गावनकाशावर पाहा. गावठाणापासून चहूकडे वाटा फुटलेल्या दिसतात. तुटक रेषेची दुहेरी ओळ म्हणजे गाडीवाट, एकेरी म्हणजे पायवाट. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट आणि गाडीवाटेची साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. या सगळ्या वाटा जुन्या पांढरीतून निघतात. गाव उठून गेले, वाटा तिथेच राहिल्या. नव्या गावातल्या माणसाला आधी जुन्या गावाच्या ओसाड जागेपर्यंत जाऊन मग आपल्या वाटेला लागायचे, नाहीतर मधल्या कुणाच्या तरी बांधावरून जायचे. बांधावरून सायकल हातात धरून नेता येते, बैलगाडी जात नाही. म्हणून अनेकांची गाडी लांबच्या वळशाने आणि सायकल जवळच्या बांधाने, अशा दोन वाटा पडल्या.

बांधावरून जाऊ देणे हा मात्र शेजाऱ्याच्या मर्जीचा भाग. भाऊबंदकी बिघडली की पहिल्यांदा वाटेत बाभळीचे काटे येतात. कायदा आहे. जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडून हद्दीवरून वाट मागता येते, आणि पूर्वापार वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली ती मोकळी करून घेता येते. पण पूर्वापार वाट हा दावा जुन्या गावापासून निघणाऱ्या वाटेबाबत जितका सहज करता येतो, तितका १९९३ नंतर पायांनी पाडलेल्या वाटेबाबत करता येत नाही. शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी राज्याने २०२१ साली मातोश्रींच्या नावाने योजना काढली. जिथे तिचा मुरूम पडला तिथे फरक दिसतो. प्रश्न वाटेच्या पहिल्या तुकड्याचा, तो कुणाच्या गटातून न्यायचा यावर गावे अजून भांडतात.

वाट मिळाली तरी पावसाळ्यात ती काळी मातीच असते. ही चिकणमाती ओली झाली की चाकाला लागते, चाक फिरले की मडगार्डखाली जाते, आणि दहा-वीस कदमांत चाक जाम. काडीने उकरायचे, पुन्हा दहा कदम. त्यामुळे रानातल्या कित्येक सायकलींना मडगार्ड नसते. शर्टावर चिखल उडाला तर उडू दे. अगदीच अडले की सायकल खांद्यावर, आणि मग माणूस सायकलवर नसून सायकल माणसावर असते. पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो आणि सोयाबीन-तुरीची पेरणी, कोळपणी, खुरपण, फवारणी याच महिन्यांत येते. थोडक्यात, रानात सर्वांत जास्त जावे लागते तेव्हाच सायकल सर्वांत कमी चालते. माझ्या वरच्या हिशोबातून हे दिवस वजा करायला हवेत. हरभरा, ज्वारीच्या दिवसांत वाट दगडासारखी होते, तेव्हा सायकल खरी धावते, पण बाभळीचा काटाही तेव्हाच टायरमधून आरपार जातो. पंक्चरचे सोल्युशन, पॅच आणि हातपंप घरात नसेल असा जुना सायकलवाला शेतकरी विरळाच.

दुसरी वजाबाकी मोठी आहे. सायकल पुरुषाची होती. दांडीवरून टांग टाकून बसायची सायकल, नेसूचे लुगडे किंवा साडी, डोक्यावर भाकरीची पाटी. घरधनी सायकलवर पुढे जाई आणि बाई पायी मागून. साडेतीनशे तासांची परतफेड सायकलने केली ती एकालाच. बाईसाठी वाढलेले अंतर वाढलेलेच राहिले, आणि ते भरून निघाले तिच्या झोपेतून. अंतर वाढले म्हणून भाकरी उशिरा थापून चालत नाही, पहाटे लवकर उठावे लागते. मजुरीने जाणाऱ्या बायांचे आणखी वेगळे. त्यांचा रोज बांधावर पाय ठेवल्यापासून सुरू होतो, घरातून निघाल्यापासून नाही. आता मजूर मिळेनात म्हणून शेतकरीच टमटम किंवा पिकअप पाठवतो. बायांनी न मागता मिळवलेला हा प्रवासभत्ता म्हणायचा.

मुली सायकल शिकल्या त्या शाळेमुळे. मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, बिनदांडीच्या. मात्र लग्न झाले की सायकल माहेरी धाकट्या भावाकडे राहते. सासरच्या रानात सायकलवर जाणारी सून मी फार पाहिलेली नाही.

हे सगळे सरकारी आकड्यांत कुठे सापडेल म्हणून पाहिले तर उत्तर मजेशीर आहे. २०११ च्या जनगणनेत कामाला किती लांब जाता आणि कशाने जाता, असे विचारले गेले. देशात सुमारे २० कोटी लोकांची ही माहिती आहे. त्यात १३ टक्के सायकलने जाणारे आणि २२ टक्क्यांहून अधिक पायी जाणारे निघाले. पण हा प्रश्न फक्त ‘इतर कामगारां’साठी होता. शेतकरी आणि शेतमजूर यांना तो विचारायचाच नव्हता. शेतकरी शेताजवळच राहतो असे गृहीत धरले असावे. किल्लारीतला माणूस रोज बारा-तेरा किलोमीटर सायकल मारत असेल, तरी देशाच्या तक्त्यात तो कामाला कुठेच जात नाही. साखर कारखान्यावर पाळीला जाणारा त्याचा भाऊ मात्र त्याच तक्त्यात सायकलस्वार म्हणून येतो.

त्याच जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती आणि २१ टक्के घरांत मोटारसायकल किंवा स्कूटर. २००१ मध्ये दुचाकीचा आकडा ११.७ टक्के होता. दहा वर्षांत सायकल जागच्या जागी राहिली आणि गाडी जवळजवळ दुप्पट झाली. पुढचे सांगायला आकडे लागत नाहीत. सायकलच्या दुकानात आता मोटारसायकलचे प्लग आणि ऑइल विकले जाते. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलास कंपनीने साहिबाबादचा कारखाना बंद केला. मोटारसायकलने चार किलोमीटर दहा मिनिटांवर आणले. पण गाडीला हप्ता आहे, पेट्रोल आहे, आणि चिखलात तीही सायकलइतकीच अडते, वर खांद्यावर घेता येत नाही.

आज या गावांत ज्यांची सायकल चालू आहे ते बहुतेक साठी-सत्तरीतले. भूकंपाच्या वर्षी ते तिशी-चाळिशीत होते, नव्या गावातून पहिली पेरणी त्यांनीच केली. मुले लातूर-पुण्याला, गाडी मुलाच्या नावावर आणि त्याच्याजवळच. गुडघे थकले की आधी दुपारची खेप बंद होते, मग जनावरे विकली जातात, कारण गोठा रानात आणि आपण घरात. रात्रीची जागल सुटते आणि रानडुकरांचे फावते. शेवटी शेत बटईने जाते, बहुधा ज्याचे रान शेजारी आहे आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याला. बटईचा करार करताना पाणी, विहीर, खत यांवर घासाघीस होते. शेत घरापासून किती लांब, हे कुणी बोलत नाही, पण जुन्या गावाच्या पलीकडचे रान असेल तर मालकाचा वाटा कमी ठरतो.