खाऱ्या हवेवर फुकटचा आळ

“जिथं खिडकीचे गज गंजून जातात, तिथं जास्वंद काय जगणार?” कोकणात समुद्राजवळ घर बांधणाऱ्यांच्या तोंडून हा प्रश्न हमखास ऐकू येतो. एकही रोप लावण्याआधी निकाल लागलेला असतो. मग अंगणभर पेव्हर ब्लॉक बसतात, कुंपणाशी प्लॅस्टिकची हिरवळ येते आणि ज्या घराला बाराही महिने दारातली फुलं मिळाली असती, ते घर देवपूजेसाठी बाजारातून फुलं आणतं. हा गैरसमज आता इतका मुरला आहे, की रोपं विकणारेही तोच पुढं सांगतात. म्हणून तो मुळापासून तपासायला हवा.

आधी डोळ्यांसमोर आहे ते पाहू. अलिबाग-रेवदंडा परिसरातलं अष्टागर, पुढं श्रीवर्धन, गुहागर, वेंगुर्ले आणि त्याखाली गोवा. या पट्ट्यातल्या नारळ-पोफळीच्या कितीतरी वाड्या समुद्राला खेटून आहेत. त्या वाड्यांत आणि घरांच्या मागीलदारी जास्वंद, तगर, अनंत, एक्झोरा, अबोली पिढ्यान्‌पिढ्या फुलत आल्या आहेत. ही सगळी सदाहरित झुडपं. अबोली आणि लाल एक्झोरा तर दक्षिण भारत आणि श्रीलंकेतलीच. किनाऱ्यावर थंडीतही रात्रीचा पारा सहसा 15 अंशांच्या खाली जात नाही, त्यामुळं झाडाची वाढ कधी पूर्ण थांबत नाही. फुलझाडांना याहून सोयीचं हवामान महाराष्ट्रात दुसरीकडं मिळणं कठीण. खारी हवा झुडपं मारत असती, तर कोकणातल्या बायकांच्या केसांत अबोलीचे वळेसर कुठून आले असते?

मग पानं करपतात ती कशानं? लाटा फुटतात तेव्हा बारीक खारे थेंब हवेत उडतात आणि वारा ते जमिनीकडं आणतो. जड थेंब किनाऱ्याजवळच खाली पडतात, त्यामुळं समुद्रापासून आत जावं तसं पानांवर बसणारं मीठ झपाट्यानं कमी होतं. पण धडधाकट पानावर मेणासारखा थर असतो आणि त्यातून मीठ सहजासहजी आत शिरत नाही. ते शिरतं जखमेतून. वाऱ्यानं पानावर पान घासतं, उडत्या वाळूचा मारा बसतो, थराला बारीक चिरा जातात आणि तिथून मिठातलं क्लोराइड आत जातं. हा अंदाज नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर ओस्टिंग आणि बिलिंग्ज यांनी 1942 मध्ये आणि बॉइस यांनी 1954 मध्ये केलेल्या अभ्यासांतून हे चित्र पुढं आलं. मीठ त्रास देतं हे खरंच आहे, पण त्याला दार उघडून देतो तो वारा. वारा अडवा, म्हणजे मिठाचं निम्मं बळ तिथंच सरतं.

आणि वारा अडवायला लोक काय करतात? सिमेंटची उंच भिंत बांधतात! सलग भिंतीवर आपटलेला वारा वरून उसळतो आणि पलीकडं भोवरे करत थेट झाडांवर उतरतो. निम्मा वारा अडवणारी आणि निम्मा गाळून सोडणारी आडोशाची रांग यापेक्षा कितीतरी चांगली. असा आडोसा आपल्या उंचीच्या सुमारे आठ ते दहा पट अंतरापर्यंत वारा मंदावतो. म्हणजे सहा फुटी जिवंत कुंपणामागं पन्नास-साठ फुटांची बाग सुखात राहते. आपल्याकडची जुनी वई किंवा झावळ्या विणून केलेली झापं हेच काम करत होती. आपण ती काढून भिंत घातली आणि बाग करपल्यावर आळ घेतला हवेवर.

पाऊसही आपल्या बाजूनं आहे. सर्वांत जास्त खारे थेंब उडतात ते पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रावरून, पण त्याच काळात कोकणात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि पानं, माती दोन्ही धुऊन काढतो. खरी अडचण येते ती कोरडं वादळ झालं किंवा पावसानं मोठी उघडीप दिली की. असं वादळ येऊन गेल्यावर झुडपं भाजल्यासारखी दिसतात. अशा वेळी झाड उपटू नका. गोड्या पाण्यानं पानं धुवा आणि नखानं फांदीची साल जराशी खरवडून पाहा. आत ओला हिरवा रंग दिसला, तर ती फांदी पुन्हा फुटेल.

आता ज्याच्याकडं कुणी बोट दाखवत नाही, त्या खऱ्या गुन्हेगाराकडं येऊ. तो विहिरीत आणि बोअरमध्ये बसला आहे. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी थोडं जड असतं. भूजलशास्त्रात 1888 पासून मांडलेला हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 फूट वर असेल, तर खाली साधारण 40 फूट गोडं पाणी असतं. उलट पाहिलं तर उपसा करून ती पातळी 1 फूट खाली आणली, की खारं पाणी 40 फूट वर सरकू शकतं. एप्रिल-मे महिन्यांत प्रत्येक बंगल्याचा पंप चालू असतो, विहिरी मचूळ होतात, आणि तेच पाणी आपण रोज झाडांच्या मुळाशी ओततो. हवेतलं मीठ पाऊस धुऊन नेतो. हे मीठ मात्र उन्हाळाभर मातीत साठत जातं.

दोन्हींतला फरक पानावर वाचता येतो. जास्वंदीचं झाड समोर घ्या. करपलेली पानं फक्त समुद्राकडच्या बाजूला असतील, पाठची बाजू टवटवीत असेल, कडा तपकिरी आणि कोवळे शेंडे वाळलेले असतील, तर दोष वाऱ्याचा आणि हवेतल्या मिठाचा. पण झाडाच्या सगळ्या बाजूंनी, खालच्या जुन्या पानांपासून कडा जळत वर येत असतील, तर पाणी तपासा. त्यासाठी एक बाटली पाणी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या. अहवालात विद्युत वाहकता बघा. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार ती 0.7 डेसिसिमेन्स प्रति मीटरपेक्षा कमी असेल तर चिंता नाही, 3 च्या वर गेली तर ते पाणी झाडांना अपायकारक. शेकडो रुपयांची खतं आणि औषधं आणण्यापूर्वी एवढी एक चाचणी करायला काय हरकत आहे?

लागवडीचा क्रम यातूनच ठरतो. समुद्राकडच्या पहिल्या रांगेत कडू कोयनेल, कण्हेर आणि बोगनवेल. कोयनेल तर खाडीकाठी आपसूक वाढते. त्यांच्या आडोशाला जास्वंद. अनंत, एक्झोरा, तगर, मोगरा आणि अबोली यांना घराच्या किंवा वाडीच्या आडोशाची आतली जागा द्या. अनंताला खारं वारं अजिबात सोसत नाही, तो पहिल्या रांगेत लावून रडण्यात अर्थ नाही. रोपं ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये लावा. जमीन ओली असते, वाऱ्याचा जोर उतरलेला असतो आणि उन्हाळ्यापूर्वी मुळं धरायला वेळ मिळतो. शेडनेटखालून आणलेलं कोवळं रोप मात्र थेट वाऱ्यात ठेवू नका, पंधरा दिवस आडोशाला राहू द्या. आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर घाला. मचूळ पाणी वापरावंच लागलं तर ते मुळाशीच द्या, पानांवर कधीही फवारू नका.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“नारळाला मीठ घालतात, मग जास्वंदीलाही घालावं.” नारळाला क्लोराइड मानवतं, जास्वंदीला नाही. आळ्यात मीठ टाकणं म्हणजे झाड हातानं मारणं.

“सदाहरित झाडाची पानं गळत नाहीत.” गळतात, फक्त एकदम नाही. खालची चार पिवळी पानं पडली म्हणून खताचा डोस वाढवू नका.

“कोकणात एवढा पाऊस, मग पाणी कशाला?” तो पाऊस चार महिन्यांत येतो आणि जांभ्यातून, वाळूतून निघून जातो. उरलेले आठ महिने झाड तुमच्यावर अवलंबून असतं.

“एक्झोराची पानं पिवळी पडली, राख घाला.” शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं असेल, तर ती लोहाची कमतरता आहे. शिंपल्यांच्या वाळूत किंवा सिमेंटच्या चुऱ्यात माती अल्कधर्मी होते आणि राखेनं ती आणखी बिघडते. या झाडाला आम्ल माती हवी. शेणखत, पालापाचोळा आणि जांभ्याची लाल माती घाला.

“बोगनवेलीला रोज पाणी दिलं की भरपूर फुलते.” उलट आहे. जरा ताण बसला की ती फुलते, रोज पाणी दिलं की नुसती पानं वाढवते.

“छाटणी केली की झाड मरतं.” जास्वंद नव्या फुटीवर फुलते, म्हणून पावसाळा संपताना छाटा. अनंत मात्र बहर ओसरल्यावर लगेच छाटा, उशीर केलात तर पुढच्या कळ्या जातील.

“कण्हेर दारात लावू नये.” यात तथ्य आहे. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुलं, गुरं, शेळ्या असतील तिथं ती नको, आणि छाटलेल्या फांद्या जाळूही नका. पण माणसांच्या वाटेपासून दूर, कुंपणाच्या समुद्राकडच्या कडेला तिच्याइतकी चिवट राखणदार मिळणार नाही.

किनाऱ्यावर घर असलेल्या प्रत्येकाला एवढंच कळकळीचं सांगणं आहे. पेव्हर ब्लॉकची मागणी नोंदवण्याआधी शेजारच्या जुन्या वाडीत एकदा जाऊन या, विहिरीचं पाणी तपासून घ्या आणि येत्या सप्टेंबरात समुद्राच्या बाजूला कोयनेलीची एक रांग लावा. पंपाचा उपसाही आवरा, कारण तुमच्या आणि शेजाऱ्याच्या बागेचं गोडं पाणी एकच आहे.