गाडी ऑइल का खाते?

टर्बो बसवून ताकद वाढवलेल्या गाडीतून निळसर धूर येऊ लागला, की इंजिनात ऑइल जळते आहे असे समजावे. पण ते शिरते कुठून? इंजिन खोलण्याआधी मेकॅनिक कॉम्प्रेशन मोजतो. दाब कमी भरला, तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतो. आता दाब वाढला, तर दोष पिस्टन रिंगांचा. दाब मुळातच चांगला असेल, तर संशय व्हॉल्व्ह किंवा टर्बोच्या सीलवर.

खोलल्यावर अनेकदा ऑइल खरवडणारी रिंग कार्बनमुळे खाचेत चिकटलेली दिसते. वाढीव उष्णतेने रिंगा प्रसरण पावतात. टोकांमधली फट अपुरी असेल, तर टोके भिडून पिस्टनची कड तुटते.

नुसते ऑइल ओतत राहणे हा उपाय नव्हे. त्यातील फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतो. मग विषारी वायू न गाळताच रस्त्यावरच्यांच्या श्वासात जातात.