लाडवांशेजारची हार्ड डिस्क

शिर्डीचा विमानतळ शिर्डीत नाही, तो कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावच्या माळावर आहे. १ ऑक्टोबर २०१७ला तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी त्याचं उद्घाटन केलं आणि नगर जिल्ह्याच्या दारात विमान आलं. मावशीला घेऊन मी तिथूनच हैदराबादला निघालो होतो. तिच्या पिशवीत प्रसादाच्या लाडवांचं पाकीट होतं, आणि टॉवेलात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क. आजीनं जात्यावर म्हटलेल्या ओव्यांचं रेकॉर्डिंग त्यात होतं. दुसरी प्रत नव्हती.

"दादा, यात घातलं तर पुसलं नाही ना जाणार?" तिनं सुरक्षा तपासणीच्या क्ष-किरण यंत्रापाशी उभ्या असलेल्या जवानाला विचारलं.

"काही नाही होत, मावशी," म्हणत त्यानं ट्रे पुढे सरकवला.

का होत नाही, ते ऐकण्यासारखं आहे. विल्हेल्म राँटगेनला क्ष-किरण सापडले १८९५च्या नोव्हेंबरात. त्याच्या बायकोच्या हाताचं चित्र सगळ्यांना माहीत असतं. पण त्यानं बंद लाकडी पेटीतल्या वजनांचीही सावली टिपली होती. सामान तपासणीचा पहिला प्रयोग म्हणायचा तो! आजच्या यंत्रात साधारण १४० ते १६० किलोव्होल्टवर तयार झालेले किरण सामानातून आरपार जातात. लाडवांसारखे हलक्या अणूंचे पदार्थ पडद्यावर नारिंगी दिसतात, धातू निळा, मधलं काही असेल तर हिरवं.

आता ओव्या. एक जुनी, बंद पडलेली हार्ड डिस्क मी एकदा स्क्रू काढून उघडली होती. आत आरशासारखी लखलखीत तबकडी. तिच्यावरच्या चुंबकीय थराचे कण इकडे की तिकडे तोंड करून बसलेत, यावर आजीचा आवाज ठरतो. क्ष-किरण हा प्रकाशाचाच भाऊबंद. ऊन पडलं म्हणून होकायंत्राची सुई फिरत नाही, तसे हे कणही त्यानं फिरत नाहीत. धातू शोधणाऱ्या चौकटीत चुंबकीय क्षेत्र असतं खरं, पण फार दुबळं. खरी गंमत त्या उघडलेल्या डिस्कच्या कोपऱ्यात होती: चंद्रकोरीसारखे दोन निओडिमियम चुंबक. त्यातला एक मी स्टीलच्या ताटाला लावला, तर ताट उचललं तरी सुटेना. वाचणारी सुई हलवायला असले दांडगे चुंबक डिस्कच्या पोटातच बसवलेले असतात!

पेन ड्राइव्हचं तंत्र निराळं. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी शोधलेल्या फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे कोंडलेले इलेक्ट्रॉन. विजेला ओलांडता येणार नाही अशा, काही नॅनोमीटर जाडीच्या भिंतीआड ते वर्षानुवर्षं बसून राहतात. क्ष-किरण त्यांना धक्का देऊ शकतात, हे खरं. पण तपासणीची मात्रा त्यासाठी फारच थोडी. विमान वर गेलं की अवकाशातले किरण तर भेटतातच, आणि एखादी नोंद चुकली तर ती चूक ओळखून दुरुस्त करणारं गणित चिपच्या सोबतीला असतं. भीती बाळगायची ती कॅमेऱ्याच्या न धुतलेल्या फिल्मनं. नव्या सीटी यंत्रात ती काळवंडू शकते.

डिस्कचा खरा वैरी म्हणजे आपटणं. ती चालू असताना वाचणारी सुई तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगते. आपला केस त्याच्या हजारो पट जाड. म्हणून ती बंद करून, मऊ कापडात, हातातल्या पिशवीतच न्यावी. चेक-इनच्या बॅगा कशा फेकल्या जातात, ते सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून पाहिलंय मी. आणि निघण्याआधी घरी एक प्रत ठेवावी, जी आम्ही ठेवली नव्हती.

ट्रे पलीकडून आला. मावशीनं डिस्क उचलली, टॉवेल पुन्हा नीट गुंडाळला आणि ती छातीशी धरून चालू लागली.

"मावशी, मोबाइल!" मागून जवानाची हाक आली.