ग्रीन कार्ड चालू, पासपोर्टची मुदत मात्र संपलेली

परदेशात कायम राहण्याचा परवाना आणि पासपोर्ट ही दोन वेगळ्या सरकारांनी दिलेली, वेगळ्या कामाची कागदपत्रे आहेत. अमेरिकेचे ग्रीन कार्ड म्हणजे तिथे राहण्याची आणि नोकरी करण्याची मुभा. पासपोर्ट म्हणजे माणूस कोणत्या देशाचा नागरिक आहे याची त्या देशाने दिलेली हमी. ग्रीन कार्ड मिळाल्याने नागरिकत्व बदलत नाही. ते घेऊन पंधरा वर्षे न्यू जर्सीत राहिलेला माणूसही भारताचाच नागरिक असतो आणि त्याला भारताचाच पासपोर्ट सांभाळावा लागतो. प्रौढांचा भारतीय पासपोर्ट १० वर्षे चालतो. ग्रीन कार्डही साधारणपणे १० वर्षांचे असते. पण दोन्ही एकाच दिवशी मिळालेली नसल्यामुळे त्यांच्या तारखा जुळत नाहीत, आणि अडचण तिथेच सुरू होते.

पासपोर्टची सक्ती फार जुनी नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कोलकात्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा अशा पुस्तिकेवाचून प्रवास होत असे. पहिल्या महायुद्धात देशोदेशींच्या सीमांवर तपासणी आली आणि युद्ध संपल्यावरही ती टिकली. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेने पासपोर्टचा नमुना सुचवला. भारतात येण्यासाठी पासपोर्ट बंधनकारक करणारा ब्रिटिश अमदानीतला कायदाही त्याच वर्षीचा. देशाबाहेर जाण्यासंबंधीचा आजचा कायदा १९६७ चा आहे. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात दिला आणि पासपोर्ट देण्या-नाकारण्याचे नियम सरकारला कायद्यात बसवावे लागले. या कायद्याचे कलम ३ स्पष्ट आहे: वैध पासपोर्ट किंवा प्रवासाचे दुसरे वैध कागदपत्र असल्याशिवाय कोणालाही भारताबाहेर जाता येत नाही. ते मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्याकडे या नजरेने पाहिले, तर हा प्रश्न कोणाच्या घरात येतो ते कळते. शिरवळ, लोणंद किंवा खंडाळ्यातला मुलगा पुण्यात इंजिनिअर होतो, अमेरिकेत जातो, पुढे तिथला नागरिक होतो. अमेरिकी नागरिक असलेला, २१ वर्षे पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकते. कार्ड हाती येते, पण म्हातारपणी गाव सुटत नाही. जत्रा, शेतीची कामे, घरातली लग्ने, दुखणीखुपणी यांसाठी गावी येणे होते आणि मुक्काम लांबतो. कार्डाची तारीख सगळ्यांच्या लक्षात असते, कारण त्यावर नातवंडांची भेट अवलंबून असते. पासपोर्ट मात्र कपाटात पडून असतो आणि त्याची मुदत संपल्याचे तिकीट काढताना कळते.

अमेरिकेचा नियम ऐकून तर घरच्यांची अधिकच फसगत होते. वर्षभराच्या आत परतणाऱ्या कायम रहिवाशाला अमेरिकेत शिरताना वैध ग्रीन कार्ड दाखवले तरी पुरते. पासपोर्ट हवाच अशी अमेरिकेची अट नाही. म्हणूनच ‘कार्ड असले की झाले’ असे ओळखीचे लोक छातीठोकपणे सांगतात. ते उतरण्याच्या विमानतळापुरते खरे आहे. त्याआधी मुंबईच्या विमानतळावर दोन टप्पे असतात. पहिला विमान कंपनीच्या काउंटरचा. तिथला कर्मचारी प्रवाशाचे नागरिकत्व, कागदपत्रे आणि मार्ग संगणकात घालून तपासतो. बहुतेक कंपन्या यासाठी ‘टिमॅटिक’ ही नियमसूची वापरतात. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेला तर कंपनीला दंड बसतो आणि त्याला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. त्यामुळे शंका आली की बोर्डिंग पास मिळत नाही. दुसरा टप्पा भारतीय इमिग्रेशनचा, आणि तिथे कलम ३ लागू होते. विमान वाटेत दुबईला किंवा फ्रँकफर्टला थांबणार असेल, तर त्या देशाचे नियम आणखी वेगळे.

मुदत संपलेला पासपोर्ट आणि चालू ग्रीन कार्ड यांवर सीमा ओलांडली जाते ती मुख्यतः जमिनीवरून, कॅनडाकडून अमेरिकेत येताना. नायगाऱ्याच्या पुलावर मोटारीतून परतणाऱ्या मराठी कुटुंबाला अमेरिकी अधिकारी कार्ड पाहून आत घेतो. उलट दिशेला ही सवलत नाही. २६ एप्रिल २०२२ पासून अमेरिकेच्या कायम रहिवाशांना कॅनडात जाण्यासाठी ग्रीन कार्डाबरोबर आपल्या देशाचा वैध पासपोर्टही लागतो. व्हिसाची माफी मात्र कायम आहे. पासपोर्ट संपलेला असताना धबधबा पाहायचा, तर अमेरिकेच्या काठावरूनच पाहावा.

खरा धोका वेळेचा आहे, आणि त्याकडेच कमी लक्ष जाते. अमेरिकेबाहेर सलग १८० दिवसांहून जास्त राहिलेल्या कायम रहिवाशाला परतताना अधिक चौकशीला तोंड द्यावे लागते. एक वर्ष उलटले, तर नुसत्या ग्रीन कार्डावर प्रवेश मिळत नाही. लांबच्या मुक्कामासाठी तिथले सरकार दोन वर्षांपर्यंत चालणारा पुनर्प्रवेश परवाना देते, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. गावात बसून तो करता येत नाही. मग उरतो वकिलातीकडून परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागण्याचा मार्ग. त्यात मुक्काम आपल्या हातात नसलेल्या कारणाने लांबला हे पुराव्यानिशी पटवावे लागते. दहा महिने गावी राहिलेल्या आजींचा पासपोर्ट संपला आणि नवा मिळायला उशीर झाला, तर प्रश्न विमानाच्या तिकिटापुरता राहत नाही, कायम वास्तव्याचा हक्कच पणाला लागतो. म्हणून मुदत संपण्याच्या वर्षभर आधी नव्या पासपोर्टचा अर्ज करण्याची जी सोय आहे, ती अशा घरांनी जरूर वापरावी.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात गोष्ट आणखी नाजूक आहे. तिथे कायम वास्तव्याची नोंद संगणकात असते आणि ती पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेली असते. ब्रिटनने प्लास्टिकची परवानापत्रे बाजूला सारून ई-व्हिसा आणला आहे. नवा पासपोर्ट आला की त्याचा क्रमांक सरकारी खात्यात भरावा लागतो. ते राहून गेले, तर हक्क शाबूत असूनही काउंटरवरच्या संगणकाला तो सापडत नाही.

पासपोर्ट परदेशात असतानाच संपला, तर भारतीय वकिलातीमार्फत नवा मिळतो. अमेरिकेत हे अर्ज व्हीएफएस ग्लोबल या कंपनीमार्फत घेतले जातात. घरी कोणी गंभीर आजारी असेल आणि थांबायला वेळ नसेल, तर वकिलात ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देते. ते फक्त भारतात येण्यापुरते असते. परत जाण्यासाठी इथे नवा पासपोर्ट काढावाच लागतो.

सातारा जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. खंडाळ्याचे अर्जदार महामार्गाने पुण्यातल्या मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊ शकतात. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे. तात्काळ हवा असल्यास आणखी २,००० रुपये पडतात. केंद्रात ए, बी आणि सी अशा तीन काउंटरांवरून जावे लागते: पहिल्यावर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात, दुसऱ्यावर कागदपत्रांची पडताळणी होते, तिसऱ्यावर अधिकारी मंजुरी देतो. मुदत संपून तीन वर्षांहून जास्त काळ लोटला असेल, तर अर्जात तसा वेगळा पर्याय निवडायचा असतो.

पोलीस पडताळणी निघाली की कागद अर्जदाराच्या पोलीस ठाण्याकडे येतात. वर्षातले सहा महिने परदेशी आणि दोन महिने पुण्यात लेकीकडे असणारा माणूस दिलेल्या पत्त्यावर सापडला नाही, तर अहवाल प्रतिकूल जाऊ शकतो. अर्ज करून लगेच दुसऱ्या गावी जाऊ नये, हे साधे पथ्य इथे फार कामाचे आहे. नावाचेही तसेच. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव असे तीन भाग; पासपोर्टवर रकाने दोनच. पहिल्या पासपोर्टावर आणि ग्रीन कार्डावर नाव जसे पडले असेल, स्पेलिंगसकट, तसेच नव्या अर्जात लिहावे. जन्मस्थानाच्या रकान्यात खंडाळा लिहिताना जिल्हा सातारा आहे हे तपासावे, कारण लोणावळ्याजवळचे खंडाळा पुणे जिल्ह्यात आहे.

नवा पासपोर्ट नव्या क्रमांकाचा येतो आणि जुना रद्द करून परत मिळतो. तो टाकून देऊ नये: त्यातला मुदतीचा व्हिसा चालू राहतो आणि प्रवासात दोन्ही पुस्तिका बरोबर ठेवाव्या लागतात. तिकीट आधी काढले असेल, तर विमान कंपनीकडे दिलेला जुना पासपोर्ट क्रमांक प्रवासाआधी बदलून घ्यावा. मुलांच्या बाबतीत हे सगळे अधिक लवकर येते, कारण अल्पवयीनांचा पासपोर्ट सहसा पाचच वर्षांचा असतो, आणि आईवडिलांचे दोन्ही कागद चालू असतानाही धाकट्याचा संपलेला निघतो.