मुक्कामाची चूल

जत्रेला जाणे म्हणजे देवदर्शन, असे आपण धरून चालतो. परंतु घरातील बायकांना विचारावे, तर जत्रा म्हणजे दोन-तीन दिवस उघड्यावर मांडलेला संसार होय. दर्शन आटोपते, स्वयंपाक, भांडी, पोरांची आंघोळ आणि पोरांची पोटे यांचे काम मात्र मुक्काम हलेपर्यंत आटोपत नाही. या संसाराचेही एक शास्त्र आहे. त्यातील काही आमच्या आजीला ठाऊक आहे, काही मला पुस्तकात सापडले, आणि दोन-तीन ठिकाणी दोघांचे पटत नाही.

चैत्रात शिखर शिंगणापूरला शंभूमहादेवाची यात्रा भरते. माण तालुका मुळात दुष्काळी, त्यात चैत्राचे ऊन. पूर्वी बैलगाड्या येत. आता टेम्पो आणि ट्रॅक्टर येतात, एवढाच फरक. माळावर ताडपत्री बांधायची, तीन दगड मांडायचे की घर झाले. पाण्याची ओढ येथे जुनीच आहे. शिंगणापूरचा तलाव मालोजीराजे भोसले यांनी बांधला तो त्यासाठीच. म्हणून मुक्कामावर उतरल्यावर पहिला प्रश्न ‘काय शिजवायचे’ हा नसून ‘पाणी कुठले’ हा असावयास हवा.

पाण्यात तुरटी फिरवली की ते शुद्ध झाले, असा समज आमच्या घरीही आहे. तुरटीने गढूळपणा तळाशी बसतो; पाणी दिसावयास निर्मळ होते, पण त्यातील सगळे जंतू मरत नाहीत. त्यासाठी पाणी खळखळून उकळावे, अथवा क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. गाळण्यासाठी मात्र आजीचे जुने लुगडे उत्तम. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीची चौपदरी किंवा त्याहून जाड घडी करून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला, तेव्हा पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले. त्याचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. गाळलेले, उकळलेले पाणी पुन्हा नासते ते आपल्याच हातांनी. प्रत्येक जण हंड्यात तांब्या बुडवतो आणि तांब्याबरोबर बोटेही बुडतात. लांब दांड्याचे ओगराळे हंड्याशेजारी टांगून ठेवले, तर निम्मी काळजी मिटते.

खाण्याच्या बाबतीत जुन्या बायकांना दाद द्यावी लागेल. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पीठ ही शिदोरी चवीखातर निवडलेली नाही. ज्या पदार्थात पाण्याचा अंश कमी, तो उशिरा नासतो, हे त्यांनी अनुभवाने ताडले होते. खरा धोका सकाळच्या उरलेल्या भाताचा. उन्हात कोमट राहिलेल्या भातात असे विष तयार होते की जे पुन्हा गरम करूनही जात नाही. तेव्हा भात लागेल तेवढाच टाकावा आणि उरलाच तर बैलाला घालावा. (बैल राहिले नाहीत, ही गोष्ट वेगळी.)

भांड्यांना चुलीवर चढवण्यापूर्वी बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवला, तर काजळी मातीबरोबर निघते आणि घासावयास पाणी थोडे लागते. घासण्यासाठी चुलीतली कोरडी राख घ्यावी, माळावरची माती घेऊ नये. त्या माळावर हजारो माणसे पहाटे कोठे बसली होती हे कोणी सांगावे? लहान मुलाच्या शीला घाण मानत नाहीत. पण तिच्यात जंतू मोठ्या माणसाच्या इतकेच असतात. खुरपे बरोबर असावे, पाण्यापासून दूर खड्डा करून ती पुरावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. साबण नसेल तर राख चालेल. नुसते पाणी चालणार नाही.

एवढे करूनही पोराला जुलाब लागले, तर आजीचे आणि माझे भांडण ठरलेले. तिचे म्हणणे, पाणी बंद करा, पोटात गेले की बाहेर पडते. हा समज फार जीवघेणा आहे. जुलाबाचे मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार संपल्यामुळे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिला व पाजावयास सांगितले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चारच्या खाली आले. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ शोषून घेते आणि मिठामागे पाणी जाते, एवढेच त्यातले रहस्य.

म्हणून औषधाच्या दुकानातील क्षारसंजीवनीची पुडी जत्रेच्या पिशवीत असावीच. तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ती पुरती एकदम कालवावी. अर्धी आज, अर्धी उद्या असे करू नये. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून मापात चूक नको. प्रत्येक जुलाबानंतर वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये. शीत रक्त दिसले, डोळे खोल गेले किंवा मूल पिईनासे झाले, तर दर्शनाची रांग सोडून आधी दवाखाना गाठावा.

आजी हे ऐकते आणि म्हणते, “तुझं कालेज पोटाचंबी शिकवतंय व्हय!” गेल्या चैत्रात मात्र तिच्या पिशवीत भंडाऱ्याच्या पुडीशेजारी दोन पुड्या होत्या.

मुक्काम हलवताना चुलीवर पाणी ओतून, काठीने उकरून, पुन्हा पाणी ओतावे. वरून राख धरलेला निखारा विझल्यासारखा दिसतो, आणि मोकळ्या जागेत पहिली धावतात ती अनवाणी पोरे.